काकवीचं झाड

आमच्या अक्काचा मिलिंद माँट्रियलला असतो. माँट्रियल म्हणजे कॅनडात, क्वेबेक नावाच्या प्रांतात. दर डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा काढून तो कोल्हापूरला आईकडे येतो आणि येताना पत्र्याचे दोन डबे आणतो. एक अक्काला, एक आम्हाला. डब्यावर बर्फाचं चित्र असतं, बर्फात झाडं असतात, झाडांना बादल्या टांगलेल्या असतात आणि मागे एका लाकडी झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत असतो. पहिल्या वर्षी हा डबा घरात आला तेव्हा आत रंग असावा अशी माझी समजूत झाली होती आणि आता घराच्या खिडक्या रंगवायचं काम अंगावर येणार, म्हणून मी तो माळ्यावर ठेवायच्या बेतात होतो. सौ.ने डबा फोडला, बोट बुडवलं, चाटलं आणि निकाल दिला, "काकवी आहे."

"अगं, मेपल सिरप म्हणतात त्याला. झाडातून काढतात."

"उसातून काढा नाही तर झाडातून काढा. काकवी ती काकवीच."

आठ दिवसांत डबा संपला. आंबोळ्या, घावन, पोळी, कशाबरोबरही तो गेला. शेवटी धाकट्याने डब्यात भाकरीचा तुकडा फिरवून हिशेब पूर्ण केला. मग मी मिलिंदला किंमत विचारली. त्याने डॉलरमध्ये सांगितली, मी मनातल्या मनात रुपये केले आणि त्या भाकरीच्या तुकड्याबद्दल मला एकदम आदर वाटू लागला.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला देवाने जिज्ञासा बेताचीच दिलेली असते. आकाश निळं का, समुद्र खारा का, असले प्रश्न आम्हाला पडत नाहीत. पण एखादी वस्तू महाग का, हा प्रश्न पडला की आम्ही बेचैन होतो. त्या बेचैनीतून मी मिळेल ते वाचलं, मिलिंदला फोनवर पिडलं ("मामा, मी कॉम्प्युटरवाला माणूस, झाडांचं मला काय विचारता?") आणि झाडाला भोक पाडण्याचा एक सबंध इतिहास माझ्या हाती लागला.

आधी हिशेब. मेपलच्या झाडाला भोक पाडलं की जो रस गळतो, तो काकवीसारखा नसतो. तो दिसायला पाणी असतो, चवीलाही जवळजवळ पाणीच. त्यात साखर असते शेकडा दोन भाग. आपल्या उसाच्या रसात साखर याच्या सहा-सात पट असते. त्यामुळे तिकडे चाळीसएक लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती लागतो. बाकीचे एकोणचाळीस लिटर धुराड्यातून आकाशात. डब्यावरच्या चित्रात जो धूर दिसतो, तो बराचसा गिऱ्हाइकाच्या पैशाचा असतो.

बँकेत आमच्याकडे ७२ चा नियम आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. मेपलवाल्यांचा तसाच ८६ चा नियम आहे. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, एक गॅलन पाक करायला तितके गॅलन रस लागणार. दोन टक्के साखर, तर ४३ गॅलन. आमच्या नियमाने पैसा वाढतो आणि त्यांच्या नियमाने रस आटतो, एवढाच फरक. महागाई धरली तर तोही फरक राहत नाही.

झाड तिशी-चाळिशीचं होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. मग वर्षाला बोटापेक्षाही बारीक असं एक भोक, दीड-दोन इंच खोल. त्यात तोटी ठोकायची. बादली लावली तर सबंध हंगामात एका भोकातून साधारण एक लिटर पाकापुरता रस मिळतो. पुढच्या वर्षी जुनं भोक चालत नाही. झाड ती जखम आतून भिंत घालून बंद करून टाकतं, दुसरीकडे नवं भोक पाडावं लागतं. चाळीस वर्षं वाट बघायची आणि वर्षाला एक लिटर. इतकं कमी व्याज तर आम्हीसुद्धा देत नाही!

पण खरी गंमत भोकात नाही, हंगामात आहे. आपल्याकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो. मेपलचाही गळीत हंगामच, फक्त तिथे गाळायला यंत्र नसतं. झाड आपलं आपण गळतं. आणि ते कधी गळेल, हे ते झाडच ठरवतं.

झाडाचा वर्षाचा ताळेबंद असा असतो. उन्हाळ्यात पानं अन्न तयार करतात आणि शिल्लक राहील ते पिष्ठाच्या रूपाने लाकडात साठवून ठेवतात. ही मुदत ठेव. थंडी पडली की त्या पिष्ठाची साखर होते, म्हणजे ठेव बचत खात्यावर वर्ग होते. वसंतात नवे कोंब फुटायचे असतात, त्यांच्या खर्चाची ही तरतूद. कोंब फुटण्याच्या आधी, झाड पैसे काढायला खिडकीशी येऊन उभं असताना, माणूस मध्ये हात घालतो आणि थोडी रक्कम आपल्या बादलीत वळती करून घेतो. थोडीच घेतो, म्हणून झाड बोलत नाही.

यासाठी हवामान मात्र एका ठरावीक पद्धतीचं लागतं. रात्री पाणी गोठलं पाहिजे आणि दिवसा वितळलं पाहिजे. रात्री गोठताना खोडातली हवा आकसते, दबते आणि खोड मुळांकडून पाणी ओढून घेतं. दिवसा ऊब लागली की ती दबलेली हवा फुगते, आत दाब वाढतो आणि भोक सापडलं की रस बाहेर येतो. नुसती थंडी चालत नाही, नुसती ऊबही चालत नाही. थकबाकी वसूल करणारे आमचे एक जुने साहेब होते. ते आदल्या संध्याकाळी कडक नोटीस धाडत आणि दुसऱ्या सकाळी माणसाला चहाला बोलावत. दोन-तीन दिवस असं झालं की माणूस ठिबकायला लागे. मेपलची रीत हीच.

बाकीच्या ऋतूंत काय होतं? उन्हाळ्यात भोक पाडलं तर रस येत नाही. पानं वरून पाणी ओढत असतात, त्यामुळे भोकातून काही बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. शरदात पानं झडल्यावर थंडी-उबेचा मेळ बसला तर झाड ठिबकतं, पण थोडं आणि कमी गोड. शिवाय ते भोक खऱ्या हंगामापर्यंत सुकून बसतं. ऐन हिवाळ्यात सगळंच गोठलेलं. आणि वसंतात कोंब फुगू लागले की रसाला अशी काही चव येते की पाक विकायच्या लायकीचा राहत नाही. उरले फेब्रुवारी ते एप्रिलमधले चार-सहा आठवडे, आणि त्यांतलेही जमतील तेवढेच दिवस. मेपलचा इतिहास म्हणजे या चार-सहा आठवड्यांशी माणसाने घातलेली हुज्जत आहे, असं माझं मत झालं आहे.

या हुज्जतीची सुरुवात देवापासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी अनिशिनाबे लोक राहतात, ओजिब्वे हे त्यांच्यातलेच. त्यांच्या कथांमधल्या खोडकर देवाचं नाव नानाबोझो. नावातच नाना असल्यामुळे मला तो एकदम घरचा वाटला. कथा अनेक तऱ्हांनी सांगतात. त्यातली एक अशी : पूर्वी झाडातून रस नव्हे, तयार पाकच गळायचा. नानाबोझो गावात आला तर चुली थंड, शेतं ओसाड, शिकारीला कोणी जात नाही. सगळे गावकरी रानात झाडाखाली उताणे पडून तोंडात पाक गळू देत होते. नानाबोझोने झाडांच्या शेंड्यांतून भरपूर पाणी ओतलं आणि पाकाचा पाणचट रस करून टाकला. वर नियम घातला की यापुढे रस वर्षातून थोडेच दिवस मिळेल आणि गोड खायचं असेल तर लाकडं फोडून आटवावा लागेल. घरात नाना असले की आळशी माणसाचं असंच होतं.

हे आटवण्याचं शास्त्र त्या लोकांनी गोऱ्यांच्या कितीतरी आधी बसवलं होतं. हिवाळ्याच्या शेवटी धान्य संपत आलेलं असायचं, शिकार मिळत नसायची, तेव्हा कुटुंबं आपापल्या ठरलेल्या मेपलच्या राईत मुक्कामाला जात. राईचा कारभार मुख्यतः बायकांच्या हाती असे. खोडाला खाच पाडायची, लाकडी तोटी बसवायची, भूर्जाच्या सालीच्या भांड्यात रस धरायचा. लोखंडी कढया येण्यापूर्वी तापवलेले दगड रसात टाकून तो आटवत. किंवा रस रात्रभर उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी वर जमलेला बर्फ फेकून द्यायचा. बर्फ म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी. तो गेला की खाली रस दाट. काकवी करून ते थांबत नसत. घोटून घोटून कोरडी साखर करत, सालीच्या पेट्यांत भरत आणि वर्षभर मिठासारखी भातात, माशात, सगळ्यात घालत. त्यांच्या भाषेत वसंतातल्या एका महिन्याचं नाव इस्किगामिझिगे-गीझिस, म्हणजे रस आटवायचा महिना. आपल्याकडे मार्चला फार तर वर्षअखेरीचा महिना म्हणतात, आणि आटतो तो कारकून.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ही विद्या त्यांच्याकडून घेतली. पुढे करार करून आणि करार मोडून त्यांच्या जमिनी आणि राईही घेतल्या. विद्येबद्दल आभार मानल्याची नोंद मला फारशी आढळली नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी या पाणचट रसाला एकदम राजकीय महत्त्व आलं. अमेरिकेत साखर येई ती कॅरिबियन बेटांवरून, आणि तिथे ऊस पिकवत ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. ज्या लोकांना गुलामगिरीची चीड होती, त्यांना चहात ती साखर घालताना हात कापल्यासारखा होऊ लागला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश हे त्यांतले एक. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७९१ साली त्यांनी थॉमस जेफरसनना उद्देशून एक लांबलचक पत्रवजा निबंध लिहिला. विषय : साखरेचं मेपल. मुद्दा असा की आपल्या रानांत इतकी मेपलं आहेत की देशाला पुरून उरेल एवढी साखर होईल, बेटांवरची साखर मागे पडेल आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही. एका झाडावर एवढी मोठी आशा क्वचितच कोणी टांगली असेल.

जेफरसन तेव्हा परराष्ट्र खात्याचे मंत्री होते. त्यांना कल्पना फारच आवडली. या साखरेला बायका-मुलांच्या श्रमापलीकडे श्रम लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे खर्चाच्या बाजूला बायका-मुलं शून्य धरायची. हा हिशेब आमच्या लेखापरीक्षकाने एका मिनिटात लाल शाईने खोडला असता. पण त्याहून मोठी खोड पुढेच आहे. गुलामांच्या साखरेला पर्याय शोधणाऱ्या या जेफरसन साहेबांच्या स्वतःच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते. मेपलच्या झाडाला जे दोन ऋतू एकाच दिवसात लागतात, ते काही माणसांच्या मनात बारा महिने नांदतात.

१७९१ च्या उन्हाळ्यात जेफरसन आणि मॅडिसन व्हरमाँट भागाच्या दौऱ्यावर गेले आणि तिथल्या लोकांना त्यांनी मेपलचं महत्त्व पटवलं. महिना जून. म्हणजे झाडातून एक थेंबही गळत नव्हता. बड्या साहेबांचे पाहणी दौरे कधी निघतात, याचा अनुभव असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या एका रोपवाटिकेतून मेपलची साठ रोपं मागवली आणि व्हर्जिनियात आपल्या माँटिसेलोच्या मळ्यात लावली. बहुतेक मेली. झाडाला सरकारी शिफारस चालत नाही, त्याला कडक थंडीच लागते.

त्याच सुमारास विल्यम कूपर नावाचे जमीनदार आणि हेन्री ड्रिंकर नावाचे व्यापारी यांनी न्यूयॉर्कच्या रानातून मेपलची साखर फिलाडेल्फियाला धाडायचा धंदा मांडला. हे ड्रिंकर क्वेकर पंथाचे, म्हणजे साध्या राहणीचे आणि गुलामगिरीविरुद्ध. आडनावाकडे जाऊ नये. सुरुवातीला उत्साह मोठा, पण माल अपेक्षेइतका आला नाही आणि काही वर्षांत धंदा बसला. मग उतरले ॲमस्टरडॅमचे बँकवाले. त्यांच्या वतीने खेरीट बोन नावाचे गृहस्थ न्यूयॉर्क राज्यात आले. बादल्या वाहणं त्यांना मागासलेलं वाटलं. १७९३ मध्ये त्यांनी रानभर लाकडी पन्हळी टाकल्या. झाडाचा रस आपला आपण वाहत थेट कढईत! कागदावर योजना निर्दोष होती. उन्हाने पन्हळी वाकल्या, फाटल्या आणि रस रानात वाहून गेला. कंपनीने साखरेचा नाद सोडला आणि जमिनी विकायला काढल्या. बँक बुडीत कर्जातून बाहेर पडते ती शेवटी जमीन विकूनच, हे तेव्हापासून चालत आलेलं आहे.

मेपलने गुलामगिरी गेली नाही. तिला यादवी युद्ध लागलं आणि ती कायद्याने गेली १८६५ साली. पुढे आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या झटणाऱ्यांत कुठेतरी ही काळपट साखर चहात घालून कडू तोंड न करता पिणारी मंडळीही होती. तोपर्यंत हा डबा मी फक्त किमतीने मोजत होतो. हे वाचल्यावर भाकरीच्या तुकड्याबद्दलचा माझा आदर आणखी वाढला.

युद्धानंतर उसाची साखर स्वस्त होत गेली. मग मेपलची साखर कोण घेणार? शेतकऱ्यांनी साखर करायचं सोडून पाकच डब्यांत भरून विकायला सुरुवात केली. धातूच्या तोट्या आल्या, पत्र्याच्या बादल्या आल्या, सपाट कढया आल्या. मिलिंद एकदा तिकडच्या जुन्या पद्धतीच्या झोपडीत जाऊन आला. तिचं वर्णन ऐकताना मला थेट लहानपणचं गुऱ्हाळ दिसलं. तीच काहिल, तीच वाफ, तोच गोडसर धूर, आणि गुळव्यासारखाच एक अबोल म्हातारा. आपल्याकडे रस उतू जाऊ लागला की तेलाचा थेंब टाकतात. तिकडे पूर्वी काहिलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत, फेस त्याला लागला की खाली बसे. हल्ली ती पद्धत फारशी नाही, पण हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचलं नाही. हंगामात लोक त्या झोपड्यांत जेवायला जातात. अंडी, घेवडे, मांस, सगळ्यावर पाक. शेवटी उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि घट्ट झाला की काडीला गुंडाळून चोखतात.

विसाव्या शतकात बोन साहेबांच्या पन्हळी परत आल्या, पण प्लास्टिकच्या. १९५९ साली व्हरमाँटमध्ये या नळ्यांचं पेटंट घेतलं गेलं. बादल्या गेल्या, रानभर नळ्यांचं जाळं झालं, त्याला रस ओढणारे पंप लागले. १९७० च्या दशकात गाळणी यंत्रं आली. आपल्याकडे घरोघरी पिण्याच्या पाण्याची असतात त्याच जातीची, फक्त तिकडे पाणी फेकून देतात आणि उरलेला रस ठेवतात. म्हणजे नानाबोझोने ओतलेलं पाणी माणसाने शेवटी विजेवर उपसून काढलं. पण त्याने घातलेला दुसरा नियम कोणाला मोडता आला नाही. हंगाम होता तेवढाच राहिला. एखाद्या वर्षी मार्चमध्येच ऊन चढलं की सगळ्या नळ्या, पंप आणि यंत्रं असून रानात शांतता.

यावर क्वेबेकने बँकेचा उपाय काढला. जगातला सुमारे सत्तर टक्के मेपल पाक एकट्या क्वेबेकात होतो. तिथल्या उत्पादकांच्या महासंघाने २००० साली राखीव साठा सुरू केला. चांगल्या वर्षी जास्तीचा पाक पिंपांत भरून ठेवायचा, वाईट वर्षी काढायचा. पुढे प्रत्येकाला कोटाही ठरवून दिला. इतकी शिस्त आली की तिथे चोर आलाच पाहिजे. २०११ आणि २०१२ मध्ये सँ-लुई-द-ब्लँडफोर्ड या गावातल्या भाड्याच्या गोदामातून चोरांनी हळूहळू जवळजवळ तीन हजार टन पाक पळवला. किंमत १ कोटी ८७ लाख कॅनेडियन डॉलर. पिंपातून पाक काढून घ्यायचा, पाणी भरायचं आणि पिंप जागेवर. २०१२ च्या उन्हाळ्यात वार्षिक तपासणीला आलेला माणूस पिंपांच्या थप्पीवर चढला आणि एक पिंप त्याच्या वजनाने डगमगलं. भरलेलं पिंप डगमगत नाही. हे रिकामं होतं. चोरांना पुढे शिक्षा झाल्या.

हे वाचून मला घाम फुटला. नोकरीच्या सुरुवातीला साहेबांबरोबर मी एका कारखान्याचं साखरेचं गोदाम तपासायला गेलो होतो. पोती बँकेकडे तारण होती. मी तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे आले. साहेबांनी तिन्हींची सरासरी काढली, खाली सही केली आणि आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. थप्पीवर चढायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या कॅनेडियन तपासनिसाला मी मनोमन नमस्कार केला.

राखीव साठा असूनही काळजी संपत नाही. २०२१ चा हंगाम लवकर आटोपला, मागणी मात्र वाढलेली, आणि महासंघाला साठ्यातला अर्ध्याच्या आसपास पाक बाजारात काढावा लागला. हवामान तापत चाललं आहे आणि हंगाम पुढे सरकतो आहे. व्हरमाँटमध्ये पूर्वी मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरे आणि त्या सुमारास झाडांना भोकं पाडायची, असा रिवाज होता. आता कित्येक जण जानेवारी-फेब्रुवारीतच गिरमिट घेऊन रानात शिरतात, कारण ऊब कधी येईल याचा भरवसा उरला नाही. गावसभेची तारीख माणसं ठरवतात. झाडाला त्या सभेचं इतिवृत्त कोणी पाठवत नाही.

गेल्या डिसेंबरात मिलिंद आला तेव्हा आम्हीही कोल्हापूरला गेलो होतो. अक्का त्याला म्हणत होती, "एकदा गणपतीला ये की रे. नाही तर मे महिन्यात ये, आंबे असतात."

"आई, तेव्हा रजा मिळत नाही गं. मला डिसेंबरातच सुटते."

अक्का गप्प बसली. मी तिला मेपलचं शास्त्र सांगायला लागलो. रस कधी गळतो, कधी गळत नाही, आपण ठरवून काही होत नाही, वगैरे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते व्याख्यान थंडीतच गोठवलं.

मिलिंद परत गेला त्या रात्री अक्काने पाणी मागितलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या फडताळात, ठेवणीतल्या भांड्यांमागे, ते डबे ओळीने मांडलेले दिसले. तिने एकही फोडलेला नव्हता. आमच्या घरचा डबा आठ दिवस टिकत नाही आणि हिचा सबंध राखीव साठा! तपासनिसाचा धडा ताजा होता. मी एकेक डबा उचलून, हलवून, वाजवून पाहिला. सगळे भरलेले. मग मोजले. मिलिंद सात वेळा आलेला, म्हणजे सात डबे हवेत. निघाले सहा. पुन्हा मोजले. माझ्या आयुष्यात दोन मोजण्यांचा आकडा पहिल्यांदाच जुळला होता. सहाच.

"अक्का, साठ्यात एक डबा कमी आहे."

ती माजघरातून म्हणाली, "तो २०२० सालात काढला."

त्या डिसेंबरात विमानं बंद होती आणि मिलिंद आला नव्हता. अक्का एकटीच होती. रोज एक घावन करायची आणि त्याच्यावर दोन चमचे घालायची, महिनाभर पुरवला म्हणाली.

मी फडताळ लावून घेतलं. राखीव साठा वाईट वर्षासाठीच असतो, त्यातून माल काढताना महासंघाची परवानगी लागते, पण अक्काचा महासंघ अक्काच आहे. तपासणीचा शेरा मी तिथेच मनात लिहून टाकला : शिल्लक सहा, खर्च एक, खर्च योग्य कारणासाठी. आणि या वेळी सरासरी न काढता सही केली.